एडनच्या कबरींची मोजदाद

येमेनमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण नोंदला गेला 10 एप्रिल 2020 रोजी, हद्रमौत प्रांतातल्या शिहर या बंदराच्या गावी. पुढची नोंद थेट 29 एप्रिलची: एडन शहरात एकदम पाच रुग्ण. मधल्या एकोणीस दिवसांत साथ थांबली होती, असं मानायला आधार नाही. युद्धाचं ते सहावं वर्ष. देशातली जेमतेम निम्मी आरोग्यकेंद्रं धड चालत होती. चाचणीच होत नव्हती, तिथे रुग्ण सापडणार कुठून?

नोंद ठेवायची कुणी, हाही प्रश्न होता. एडनमध्ये 21 एप्रिलला पूर आला आणि त्याच आठवड्यात दक्षिण येमेनमधल्या फुटीरतावाद्यांनी स्वतःचा कारभार जाहीर केला. उत्तरेत राजधानी साना हूथी बंडखोरांच्या ताब्यात. त्यांनी 5 मे रोजी पहिला रुग्ण जाहीर केला, एका हॉटेलात मृतावस्थेत सापडलेला सोमाली नागरिक. चार रुग्ण आणि एक मृत्यू, याच्या पुढे त्यांची जाहीर नोंद सरकली नाही.

या पार्श्वभूमीवर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचं 21 मेचं निवेदन मोलाचं ठरतं. एडनमधल्या त्यांच्या कोरोना केंद्रात 30 एप्रिल ते 17 मे या काळात 173 रुग्ण दाखल झाले आणि त्यांतले किमान 68 दगावले. बरेच जण आले तेच धाप लागलेल्या अवस्थेत. मृतांत चाळिशी ते साठीतले पुरुष पुष्कळ. शहरात एरवी दिवसाला दहाच्या आसपास दफनं होत. ती 80 पर्यंत गेल्याचं सरकारी आकड्यांच्या आधारे याच निवेदनात म्हटलं आहे.

एका संस्थेच्या शब्दावर निष्कर्ष काढू नये. पण इथे स्वतंत्र पुरावा हाती आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांत एडनची ओळखता आलेली सगळी, म्हणजे 11 कब्रस्तानं तपासली, नव्या कबरी मोजल्या आणि नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहिल्या. 1 एप्रिल ते 19 सप्टेंबर या काळात अंदाजे 2,120 दफनं जादा निघाली. मृत्युनोंदणीच्या दप्तरातही मे महिन्यातली तीच उसळी दिसते. सप्टेंबरच्या सुमारास संपूर्ण देशाची अधिकृत मृत्युसंख्या होती 600 च्या आसपास.

जादा दफनांतला प्रत्येक माणूस कोरोनानेच गेला, असं म्हणता येणार नाही. रुग्णालयांची दारं बंद झाल्यामुळे इतर आजारांनी गेलेलेही त्यांत असणार. पण तेही याच संकटाचे बळी. म्हणून 2020 च्या येमेनबद्दल लिहिताना 600 हा आकडा एकटा छापणं हा मृतांवर अन्याय आहे. चाचणी किती थोड्यांपर्यंत पोहोचली, एवढंच तो सांगतो. माणसं किती गेली याचा अंदाज हवा असेल, तर निदान एडनपुरता तरी 2,120 हा आकडा त्याच्या शेजारी मांडायलाच हवा.