'येळ', 'इळा', 'येक' : तासगावकडच्या उच्चारांचा इतिहास

१/ तासगाव परिसरातील खेड्यांत 'वेळ'ची 'येळ' होते, 'विळ्या'चा 'इळा', 'विहिरी'ची 'इहीर' आणि विठोबाचा 'इठोबा'. शाळेत या उच्चारांवर अशुद्धतेचा शिक्का बसतो. भाषेच्या इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

२/ चुकीला नियम नसतो. या उच्चारांना आहे. शब्दारंभीचा 'व' लोप पावतो तो केवळ 'इ-ई' आणि 'ए' या स्वरांपूर्वी. पुढे 'अ' किंवा 'आ' असल्यास तो टिकतो : वड, वाट, वारा, वासरू. म्हणूनच 'इठोबाची वारी' ऐकू येते. त्या वारीची कधी 'आरी' होत नाही.

३/ दुसरा नियम असा की, शब्दारंभीच्या 'ए'पूर्वी 'य' आणि 'ओ'च्या जागी 'व' येतो : एक–येक, ओळख–वळख, ओढा–वढा. 'वेळ'मधील 'व' गेल्यावर उरलेल्या 'ए'लाही हाच नियम लागू होतो आणि 'येळ' सिद्ध होते.

४/ कानडी बोलण्यातही आरंभीचे 'ए' व 'ओ' हे 'ये' व 'वो' असे ऐकू येतात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात कानडी नांदते. तासगावचा दक्षिणेशी संबंधही जुना. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिराचे सात मजली गोपुर त्याची खूण आहे. तरीही केवळ शेजाराने हा उच्चार स्पष्ट होत नाही, कारण सीमेपासून दूर, देशावर इतरत्रही 'येक' आणि 'येळ' आढळतात.

५/ लिखित पुरावा अधिक बोलका आहे. पेशवेकालीन मोडी कागदांत 'येक' हे रूप वारंवार भेटते. ते लिहिणारे कारकून लेखणीवर पोट भरणारे, दरबारी रिवाज जाणणारे होते. त्या काळी 'येक' लिहिण्यात गावंढळपणा मानला जात नव्हता.

६/ चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. छापखाना आणि सरकारी शाळा यांमुळे पुण्याकडील शिष्टांची बोली प्रमाण ठरत गेली. उच्चार होते तेच राहिले. त्यांची प्रतिष्ठा तेवढी बदलली.

७/ प्रमाण मराठी तरी बदलापासून कुठे अलिप्त आहे? संस्कृत 'पानीय'मधील एकेरी 'न'चा 'ण' होऊन 'पाणी' झाले. उलट 'पर्ण'चे प्राकृतात 'पण्ण' आणि त्या जोड 'ण'चा 'न' होऊन 'पान' झाले. 'फल'चे 'फळ' झाले; 'तेल्ल'चे मात्र 'तेल'च राहिले. मराठीच्या अशा ध्वनिपरिवर्तनांची शास्त्रशुद्ध मांडणी फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली.

८/ संस्कृतच्या मापाने पाहिले तर 'पाणी' आणि 'येळ' दोन्ही सारखेच 'भ्रष्ट' ठरतील. त्यांतले एक पाठ्यपुस्तकात गेले, दुसरे शिवारात राहिले. सर्वांच्या लेखनव्यवहारासाठी प्रमाण रूप शिकवावेच लागेल. पण 'येळ झाली' म्हणणाऱ्या मुलाला 'लिहिताना वेळ लिही' असे सांगणे वेगळे आणि 'तुला बोलताच येत नाही' असे सांगणे वेगळे. दुसऱ्या वाक्याला भाषेच्या इतिहासात कोणताही आधार नाही.