शिक्षण कर (महाराष्ट्र)

शिक्षण कर किंवा शिक्षण उपकर हा महाराष्ट्राच्या नागरी भागांतील जमिनी व इमारतींवर, तसेच काही नगदी पिकांखालील ओलिताच्या जमिनींवर आकारला जाणारा राज्य शासनाचा कर आहे. 'महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२' हा त्याचा आधार आहे. मालमत्ताधारकाला तो घरपट्टीच्या देयकात स्वतंत्र रकान्यात दिसतो. वसुली स्थानिक संस्था करते, रक्कम मात्र राज्याच्या तिजोरीत जमा होते. आयकरावर आकारला जाणारा केंद्र सरकारचा आरोग्य व शिक्षण उपकर याहून वेगळा आहे.

इतिहास

मुंबई इलाख्यात शाळांसाठी स्थानिक कर घेण्याची पद्धत १८६३ च्या सुमारास सुरू झाली. जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा पट्टी घेतली जाई. तिचा दोन-तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांसाठी व एक-तृतीयांश भाग शाळांसाठी राखला जाई. १८६९ च्या कायद्याने या पट्टीला वैधानिक आधार मिळाला. खानदेशातील अनेक सरकारी शाळांचा खर्च या निधीतून होत असे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, रयतेच्या श्रमातून येणारा महसूल प्रामुख्याने वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो असा आक्षेप घेतला आणि प्राथमिक शिक्षणासाठी अधिक वाटा मागितला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास कर बसवण्याची मुभा होती. हे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये झालेल्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार दिला. पुढे १९२३ व १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमांनी स्थानिक संस्थांची जबाबदारी निश्चित केली.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षण उपकराचा कायदाही त्याच वर्षीचा आहे. सत्तरच्या दशकात रोजगार हमी योजनेसाठीचा उपकर त्यात जोडला गेला व कायद्याचे नाव बदलले.

स्वरूप व वसुली

मालमत्तेच्या वार्षिक भाडेमूल्यानुसार कराचा दर चढत जातो. निवासी वापरापेक्षा बिगरनिवासी वापरासाठी तो अधिक असतो. रोजगार हमी उपकर केवळ बिगरनिवासी मालमत्तांवर लागतो. शेतीच्या बाबतीत ऊस, केळी, द्राक्षे यांसारख्या पिकांखालील ओलिताच्या जमिनींवर विशेष आकारणी होते व ती महसूल यंत्रणा वसूल करते. नागरी भागातील वसुलीच्या खर्चापोटी स्थानिक संस्थेला ठरावीक सूट मिळते. काही नगरपरिषदांच्या देयकात याशिवाय 'विशेष शिक्षण कर' अशी वेगळी नोंद असते.

चतुर्थ वार्षिक आकारणी

हा कर मतदानाने किंवा ठरावाने मुदतीनंतर पुन्हा मंजूर करून घ्यावा लागत नाही. ज्या मूल्यावर तो बसतो, ते मूल्य मात्र वेळोवेळी नव्याने ठरवावे लागते. 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' नुसार कर-आकारणी यादीची दर चार वर्षांनी फेरतपासणी अपेक्षित आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, मालमत्ताधारकांच्या हरकती ऐकल्या जातात आणि त्यानंतर यादी अंतिम होते. फेरआकारणी लांबणीवर पडली, तर नवी बांधकामे, वाढीव मजले आणि वापरातील बदल कराच्या बाहेर राहतात. परिणामी घरपट्टी व शिक्षण कर या दोहोंचे उत्पन्न खुंटते आणि भार जुन्या, नोंद असलेल्या घरांवर राहतो.

मुक्ताईनगरच्या संदर्भात

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (जुने नाव एदलाबाद) येथे पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. अशा रूपांतरानंतर घरांची आकारणी ग्रामपंचायत कायद्याऐवजी नगरपरिषद कायद्याखाली होते. प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन मात्र स्वतंत्र शिक्षण मंडळ नसलेल्या लहान शहरांत सामान्यतः जिल्हा परिषदेकडेच राहते. म्हणजे घरपट्टी एका संस्थेकडे भरायची, शिक्षण कर राज्याकडे जायचा आणि शाळा तिसऱ्या संस्थेने चालवायची, अशी रचना तयार होते. तालुक्याच्या ग्रामीण भागात जमीन महसुलावरील जिल्हा परिषद उपकर लागू असतो. त्याचा मूळ दर रुपयामागे २० पैसे असून तो वाढवण्याची तरतूद जिल्हा परिषद कायद्यात आहे. केळी हे या परिसराचे प्रमुख पीक असल्याने शेतजमिनीवरील आकारणीचाही येथील शेतकऱ्यांशी थेट संबंध येतो.

समर्थन व आक्षेप

कर चालू ठेवण्याच्या व आकारणी वेळेवर करण्याच्या बाजूने मुख्यतः तीन मुद्दे मांडले जातात. मालमत्तेवरील कर पीकपाणी किंवा व्यापारातील चढउतारांच्या तुलनेत स्थिर असतो. मूल्यानुसार दर चढत असल्याने मोठ्या व्यापारी मालमत्तेवर भार अधिक पडतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षण देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यासाठी कायम उत्पन्न लागते.

आक्षेप प्रामुख्याने विनियोगाबाबत आहेत. भरलेल्या रकमेतून आपल्या गावच्या शाळेसाठी किती खर्च झाला, हे करदात्याला देयकावरून समजत नाही. काही स्थानिक संस्थांनी वसूल केलेला उपकर वेळेत शासनाकडे भरला नसल्याचे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत नमूद झाले आहे. शिक्षकांचे वेतन शासकीय अनुदानातून होत असले, तरी वीजदेयक, स्वच्छता व किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च गावपातळीवर निभवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील एक आण्याच्या पट्टीत शाळेचा वाटा आधीच ठरलेला होता. आजच्या व्यवस्थेत करदाता व शाळा यांच्यातील हा दुवा दिसत नाही.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वतंत्र शालेय जिल्हे मालमत्ता कर बसवतात. ओहायोसारख्या राज्यांत मुदतीच्या अशा करांचे नूतनीकरण मतदारांच्या कौलाने होते. त्यामुळे पैसा स्थानिक शाळेतच राहतो. मात्र श्रीमंत व गरीब वस्त्यांतील शाळांमध्ये विषमता वाढते, अशी टीका त्यावर होते. महाराष्ट्रात रक्कम राज्यपातळीवर एकत्र होत असल्याने कमी उत्पन्नाच्या भागांनाही निधी देणे शक्य होते.

हे सुद्धा पहा
मालमत्ता कर
जिल्हा परिषद
शिक्षणहक्क कायदा
मुक्ताईनगर