अमेरिकेतला आरोग्यविमा नोकरीला का बांधला गेला?

तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत असेल, तर फोनवर हे वाक्य कानावर आलं असेल: "नोकरी बदलतोय, मधल्या दिवसांच्या इन्शुरन्सचं बघायला हवं." आजारपणाचा नोकरीशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. त्याचं उत्तर एका जुन्या भांडणात आहे, आणि त्यात एक बाजू आम्हा डॉक्टर मंडळींचीच होती.

नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला. लोकांकडून वर्गणी घ्यायची आणि सरकारी निधीतून उपचारांची बिलं भागवायची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कडाडून विरोध केला. १९४८ ची निवडणूक ट्रुमन जिंकले, तेव्हा संघटनेने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर मागितले आणि व्हिटेकर व बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ जोडप्याला कामाला लावलं. त्यांनी ल्यूक फाइल्ड्सचं १८९१ चं 'द डॉक्टर' हे चित्र पोस्टरवर घेतलं. तुम्हीही ते एखाद्या दवाखान्यात पाहिलं असेल: दोन खुर्च्यांवर निजवलेलं आजारी मूल, शेजारी हनुवटीला हात लावून बसलेला डॉक्टर, मागे हतबल आईवडील. खाली मजकूर होता, या चित्रात राजकारण आणू नका. (चित्रात बिलही कुठे दिसत नाही, हे मात्र खरं.)

विरोधामागची भीती अगदीच पोकळ नव्हती. जो पैसे देतो तो पुढे उपचारही ठरवू लागतो, हे आम्ही रोज अनुभवतो. ट्रुमन यांची योजना बारगळली. पण तिच्या जागी जे वाढलं, ती खुली बाजारपेठ होती का?

१९२९ मध्ये डॅलसच्या बेलर हॉस्पिटलने शिक्षकांसाठी योजना काढली होती: महिना ५० सेंट भरा, वर्षाला २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलची सोय मिळेल. पुढे महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. कामगार तर हवेच होते. मग कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या, कारण तो त्या बंधनात धरला गेला नाही. १९५४ च्या करकायद्याने ही सवलत पक्की केली: पगारावर कर, पण कंपनीने भरलेल्या विम्याच्या हप्त्यावर नाही. म्हणजे 'खासगी' व्यवस्थाही घडली ती सरकारच्याच करसवलतीवर. निवृत्त म्हातारी माणसं बाहेर राहिली. त्यांच्यासाठी १९६५ मध्ये मेडिकेअर आलं आणि त्याचं पहिलं कार्ड ट्रुमन यांनाच देण्यात आलं.

मिल्टन फ्रीडमनसारख्या बाजारवादी अर्थतज्ज्ञांनी नेमकं याच सवलतीवर बोट ठेवलं. बिल तिसराच भरत असेल, तर पेशंटही किंमत विचारत नाही आणि डॉक्टरही. विमा मोठ्या संकटापुरता ठेवा, किरकोळ खर्च माणसाने स्वतःच्या पैशातून करावा, हा त्यांचा उपाय. मला यातलं अर्धं पटतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार ठिकाणी चौकशी करता येते. छातीत कळ आल्यावर कोण भाव विचारत बसणार?

सुदैवाने याची खरीखुरी परीक्षा झाली. १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने दोन हजारांवर कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांत विभागलं. काहींना सगळं मोफत, काहींना बिलाचा मोठा वाटा स्वतः भरायचा. वाटा सर्वांत मोठा होता त्यांचा खर्च मोफतवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि सरासरी पाहता तब्येतीत फारसा फरक पडला नाही. बाजारवाद्यांसाठी ही मोठीच बाब. पण लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही तितकेच टाळले होते. आणि गरीब, उच्च रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत गटातच जास्त आटोक्यात राहिला.

तरी २००३ मध्ये अमेरिकेने बाजारवाद्यांच्या मनासारखी हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट्स आणली. सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खात्यातून, विमा त्यानंतर. प्रतिबंधक तपासण्यांना यातून सूट होती, पण आधीपासून असलेल्या आजाराच्या गोळ्यांना साधारणपणे नव्हती. जुलै २०१९ मध्ये तिथल्या कर खात्याने सूट देता येईल अशा गोष्टींची यादी वाढवली. त्यात मधुमेहींचं इन्शुलिन, हृदयविकाराच्या पेशंटची स्टॅटिनची गोळी आणि उच्च रक्तदाबवाल्यांसाठी घरी बीपी मोजायचं यंत्र होतं.