रेल्वे पास परवडतो का? रिकाम्या आसनांचा इतिहास

१/ १ ऑक्टोबर २०२३. परदेशी पर्यटकांसाठी असलेल्या जपानच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत एका रात्रीत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. रूळ तेच, गाड्या त्याच, पासवर मिळणारा प्रवासही जवळपास तोच. मग ही किंमत ठरते तरी कशावरून? आणि असा पास घ्यावा की साधी तिकिटे काढावीत, हे साठवलेल्या पैशांवर सहलीला निघालेल्या तरुणाने कसे ठरवावे? या थ्रेडमध्ये याचे उत्तर इतिहासात शोधू.

२/ पास आपल्याला नवा नाही. मुंबईचा चाकरमानी महिन्याचा पास काढतो. पण तो एकाच मार्गाचा, रोजच्या ये-जा करण्याचा. पर्यटकाचा पास याच्या उलट असतो. दिवस मोजके, मार्ग मोकळा. आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना याच जातकुळीतली. अशा पासात रेल्वे एक जोखीम घेते: प्रवासी किती फिरेल हे ठाऊक नसताना ती आधीच किंमत सांगून मोकळी होते.

३/ ही जोखीम रेल्वेला परवडते, कारण तिचा खर्च वेगळ्या प्रकारचा आहे. गाडीत दहा माणसे असोत वा पाचशे; रूळ, इंधन, चालक आणि स्थानके यांचा खर्च फारसा बदलत नाही. आणि सुटलेल्या गाडीतले रिकामे आसन दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ते कायमचे वाया जाते. म्हणून पास म्हणजे रिकाम्या आसनांची घाऊक विक्री. मात्र पूर्ण भाडे देणारे नेहमीचे प्रवासी त्या सवलतीत शिरू नयेत, यासाठी प्रत्येक पासाभोवती एक कुंपण असते. कुठे वयाचे, कुठे नागरिकत्वाचे, कुठे गाडीच्या वेगाचे.

४/ या विचाराचे बीज जुने आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरो येथील मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे ५०० लोकांना खास गाडीने नेले. भाडे माणशी एक शिलिंग. एरवी प्रवासाला न निघणारी माणसे एकत्र आणली, तर कमी दरातही रेल्वेचा लाभ होतो, हे यातून दिसले. पर्यटन व्यवसायाची पायाभरणी पुढे याच हिशेबावर झाली.

५/ आता १९५९ कडे येऊ. आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पॅन अ‍ॅम’ने बोईंग ७०७ या जेट विमानाची न्यूयॉर्क–पॅरिस सेवा सुरू केली होती. अमेरिकी पर्यटक आता काही तासांत युरोपात उतरणार होते. उतरल्यावर त्यांनी मोटार वा विमान न घेता आगगाडीत बसावे, ही युरोपीय रेल्वेंची गरज होती. पश्चिम युरोपातील १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून ‘युरेल’ पास काढला. त्याचे कुंपण म्हणजे निवासस्थान: पास युरोपबाहेरच्या लोकांसाठीच.

६/ १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला ५० वर्षे झाली. त्या निमित्ताने ‘इंटररेल’ आला. २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना एक महिनाभर २१ देशांत प्रवास. स्वतःच्या देशात मात्र अर्धे भाडे. ही अर्ध्या भाड्याची अट लक्षात घ्या. घरचा रोजचा प्रवास फुकट जाऊ नये, यासाठी घातलेले ते कुंपणच होते. योजना खरे तर एका वर्षापुरती होती. पण लोकप्रियतेमुळे ती टिकली आणि १९९८ मध्ये सर्व वयांसाठी खुली झाली.

७/ आता जपान. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका शिंकान्सेन धावली आणि जगाने तोंडात बोट घातले. विरोधाभास असा, की जपानची सरकारी रेल्वे तोट्यात गेली तीही त्याच वर्षी. खेड्यापाड्यांतील ओस मार्ग, नव्या बांधकामांचे कर्ज आणि मोटारींची स्पर्धा यांनी तिला घेरले. १९७६ मध्ये भाडे एकदम ५० टक्क्यांनी वाढवले गेले. त्यानंतर प्रवासी विमान, बस आणि खासगी रेल्वेकडे वळू लागले.

८/ या पार्श्वभूमीवर १९८१ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी ‘जपान रेल पास’ आला. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, देशातील लोकांसाठी ‘सेइशुन जूहाची किप्पू’ आले. ‘सेइशुन’ म्हणजे तारुण्य आणि ‘जूहाची’ म्हणजे अठरा. पण वयाची अट नाही. कुंपण वेगाचे: केवळ साध्या, संथ गाड्या आणि तेही सुट्ट्यांच्या हंगामात. दोन्ही योजना एकाच गरजेतून जन्मल्या. गाड्या धावत होत्या, आसने भरत नव्हती.

९/ १ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेची सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी अशी विभागणी झाली. तोवर कर्ज सुमारे ३७ लाख कोटी येनवर पोहोचले होते. पास मात्र टिकला, कारण सहाही कंपन्यांनी तो एकत्रितपणे चालवला. १९९२ मध्ये ‘नोझोमी’ ही सर्वांत वेगवान शिंकान्सेन आली आणि तिच्यात हा पास चालेना. ज्या गाडीला पूर्ण भाड्याचे गिऱ्हाईक भरपूर, तिथे सवलतीला दार बंद!

१०/ पुढे पर्यटकांचा पूर आला. २०१९ मध्ये जपानला सुमारे ३ कोटी १८ लाख परदेशी पाहुणे आले. २०२४ मध्ये हा आकडा ३ कोटी ६८ लाखांच्या पुढे गेला. टोकियो–क्योतो मार्गावर पाहुणे आकर्षित करण्यासाठी आता आमिषाची गरज उरली नव्हती. २०२३ च्या दरवाढीत नोझोमीचे दार थोडे किलकिले झाले, पण फुकट नव्हे. टोकियो–क्योतो या एका फेरीसाठी वेगळे ४,९६० येन.

११/ दरवाढीच्या सुमाराचा हिशेब मांडून पाहू. टोकियो–क्योतो जाऊन-येऊन सुमारे २८,००० येन. जुन्या पासाची किंमत जवळजवळ एवढ्यातच वसूल होई. विमानतळाची एक फेरी जोडली की पास फायद्यात. नव्या किमतीत हीच सहल सुमारे २२,००० येनचा तोटा दाखवते. टोकियो–हिरोशिमा ये-जा केली तरी खर्च ३८–३९ हजारांच्या आसपास. अगदी हजार किलोमीटरहून दूर असलेल्या हाकाताला जाऊन परतलात, तरी ५०,००० चा आकडा निसटता हुकतो.

१२/ मग पासांचे युग संपले का? नाही, ते रिकाम्या आसनांच्या मागे सरकले आहे. होक्काइदोच्या रेल्वे कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केले, की आपल्या जाळ्याचा जवळपास अर्धा भाग एकट्याने सांभाळणे तिला शक्य नाही. अशा प्रदेशांचे स्वतंत्र पास आजही तपासून पाहण्याजोगे आहेत. युरोपातही तेच. फ्रान्सच्या टीजीव्ही गाडीत पासधारकाला आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि त्यांच्यासाठी जागाही मर्यादित. जर्मनी-स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांत मात्र पास घेऊन सरळ चढता येते.

१३/ याची दुसरी बाजू भारतात दिसते. आपल्या रेल्वेने परदेशी पर्यटक आणि अनिवासी भारतीयांसाठी ‘इंडरेल’ पास काढला होता. तो परकीय चलनात विकला जाई. येथे प्रेरणा परकीय चलनाची होती, रिकाम्या आसनांची नव्हे. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत प्रतीक्षायादीच लांबलचक! ‘हवे तेव्हा बसा’ हे पासचे मूळ वचन अशा रेल्वेत पाळणे अवघडच. पुढे हा पास बंद झाला.

१४/ तथापि पासचे मोल केवळ पैशांत मोजणे अन्यायाचे ठरेल. इंटररेलच्या पिढीला मिळालेली खरी देणगी म्हणजे बेत बदलण्याची मुभा. पाऊस लागला, पुढच्या गावी निघा. गाव आवडले, मुक्काम वाढवा. पण ही मुभा उलटतेही. ‘पास वसूल झाला पाहिजे’ या ध्यासाने माणूस गावे पाहण्याऐवजी स्थानके मोजू लागतो. जो प्रवास पासाविना केलाच नसता, तो हिशेबात धरला की नफा केवळ कागदावर राहतो.

१५/ तेव्हा निर्णयाचा क्रम असा ठेवावा. प्रथम पास विसरून आपला मार्ग ठरवा. मग त्या मार्गाच्या सुट्या तिकिटांची बेरीज करा आणि पासावर लागणारी आरक्षणाची रक्कम पासाच्या किमतीत मिळवा. दोन्हींत फरक थोडा असेल, तर मोकळेपणाला आपण किती किंमत देतो ते स्वतःला विचारा. आणि शेवटी इतिहासाचा प्रश्न: या मार्गावरच्या गाड्या रिकाम्या धावतात की भरून? रिकाम्या असतील, तर रेल्वेला तुमची गरज आहे. तिथे पास बहुधा तुमच्या बाजूने झुकतो. भरून धावत असतील, तर बेरीज दोनदा तपासा.