उमेदवारीला मिळालेली पदवी

'उमेदवार' हा शब्द ऐकला की आज आपल्याला निवडणूक आठवते. अनामत रक्कम, चिन्ह, भोंगा लावलेली रिक्षा. पण आपल्या आजोबांच्या पिढीत 'मुलगा उमेदवारी करतो' असं कुणी म्हणालं, तर तो एखाद्या वकिलाकडे, छापखान्यात किंवा कारखान्यात फुकट अथवा नावापुरत्या पैशांवर काम शिकतो, असा त्याचा अर्थ होई. शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून जो बसलाय तो उमेदवार. इंग्रजांच्या 'अप्रेंटिस' या शब्दाच्या मुळाशी शिकणं आहे. आपल्या शब्दाच्या मुळाशी वाट पाहणं आहे.

या उमेदवारीला इंग्लंडात २०१५ पासून थेट विद्यापीठाची पदवी जोडली गेली. नाव 'डिग्री अप्रेंटिसशिप'. अठरा वर्षांची मुलगी एखाद्या मोठ्या कंपनीच्या उत्पादन-विकास विभागात रुजू होते. पहिल्या महिन्यापासून पगार घेते, आठवड्यातले काही दिवस नवी वस्तू घडवण्याच्या कामात असते, उरलेले दिवस अभ्यास करते आणि चारेक वर्षांनी इंजिनियरिंगची पदवी घेऊन उभी राहते. फी तिच्या खिशातून जात नाही. ज्या देशात पदवीधर मुलं शिक्षणकर्जाचं ओझं घेऊन बाहेर पडतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पण हे सगळं नवं आहे का? थोडं मागे जाऊ.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६३ मध्ये, इंग्लंडात कारागिरांविषयीचा एक कायदा झाला. सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय कुणालाही ठरावीक धंदे करता येणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. मुलगा उस्तादाच्या घरीच राही, तिथेच जेवे. करारात त्याच्यावर बंधनं असत : लग्न करायचं नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, फासे खेळायचे नाहीत, मालकाची गुपितं फोडायची नाहीत. हा करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधून दातेरी रेषेत कापत. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा मुलाच्या घरच्यांकडे. उद्या वाद झालाच तर दोन तुकड्यांचे दाते जुळवून पाहायचे. इंग्रजीत त्या कराराला 'इंडेंचर' म्हणतात, ते या दातांवरूनच.

आता एक गंमत बघा. विद्यापीठ आणि सुताराचं दुकान ही आज आपल्याला दोन टोकं वाटतात. पण मध्ययुगीन युरोपात विद्यापीठ हीदेखील एक पेठच होती, शिकवणाऱ्यांची पेठ. 'युनिव्हर्सिटी'चा मूळ लॅटिन शब्द कुठल्याही धंद्याच्या संघाला लावत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात हे नोंदवलं आहे. 'मास्टर ऑफ आर्ट्स' होण्यासाठी लागणारी वर्षं कारागिरांच्या सात वर्षांवरूनच घेतलेली दिसतात, असंही तो म्हणतो. म्हणजे आपल्या एम. ए. मधला 'मास्टर' आणि लोहाराच्या भट्टीपुढचा 'मास्टर' हे सख्खे भाऊ. स्मिथला स्वतःला मात्र इतकी लांबलचक उमेदवारी मुळीच पसंत नव्हती. मुलाला पोटात कोंडून ठेवणारी ती एक अडवणूकच आहे, असा त्याचा सूर होता.

मग यंत्रं आली आणि भावाभावांची वाटणी झाली. अनाथालयातली मुलं 'उमेदवार' या नावाखाली कापडगिरण्यांत पाठवली जाऊ लागली. शिकणं नावाला, राबणं खरं. १८०२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यांच्यासाठी कायदा केला : दिवसाला बारा तासांहून जास्त काम नको, आणि पहिली चार वर्षं रोज कामाच्या वेळातच थोडा वेळ वाचन, लेखन, हिशेब शिकवायचा. कायद्यावर लक्ष ठेवणारी भक्कम यंत्रणा नसल्याने तो बहुतांशी कागदावरच राहिला. पण 'कामाच्या वेळातच शिकवा' हे वाक्य तिथे लिहिलं गेलं होतं. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडात उमेदवारांच्या कामाच्या वेळेतला किमान पाचवा हिस्सा शिक्षणासाठी राखण्याचा नियम आला, तेव्हा मला हा जुना कायदा आठवला. १८१४ मध्ये सात वर्षांची सक्ती रद्द झाली आणि उमेदवारी ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडली गेली.

नशीब म्हणजे पुष्कळदा पैसा. हेन्री रॉईस नावाचा गरीब मुलगा १८७० च्या दशकात रेल्वेच्या कारखान्यात शिकू लागला. तेव्हा शिकण्यासाठी उलट मालकालाच पैसे भरावे लागत. नात्यातल्या एका बाईने वर्षाला वीस पौंड भरायचं कबूल केलं. तीनेक वर्षांत तिचे पैसे संपले आणि मुलाची उमेदवारी अर्ध्यावर तुटली. हाच पुढे रोल्स-रॉईसमधला रॉईस. त्या नावाची विमान-इंजिनांची कंपनी पुढे उमेदवारांना पगार देऊन पदवीपर्यंत नेऊ लागली. फ्रँक व्हिटल १९२३ मध्ये ब्रिटिश हवाई दलात साधा शिकाऊ म्हणून दाखल झाला. हवाई दलानेच पुढे त्याला केंब्रिजला धाडलं आणि त्याने जेट इंजिन घडवलं. हात आणि डोकं एकाच माणसात भेटलं की काय होतं, याचा याहून मोठा दाखला कुठला?

या कथेत आपली मुंबईही आहे. गोदीत सागवानी जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला विलायतेतल्या चॅटहॅमच्या गोदीत गेले. तिथल्या अडीच वर्षांच्या मुक्कामावर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १८४१ मध्ये लंडनला छापून निघालं. घरी पिढीजात विद्या असताना पुन्हा शिकाऊ व्हायला गेलेली ही माणसं.

आता आजच्या कारखान्यात येऊ. जेम्स डायसन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राचे ५,१२७ नमुने बनवले, तेव्हा कुठे हवं ते यंत्र हाती आलं. त्यांच्या कंपनीने २०१७ मध्ये माम्सबरी गावी स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तीन दिवस काम, दोन दिवस अभ्यास. सुरुवातीला पदवी वॉरिक विद्यापीठाची होती. २०२० मध्ये संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि २०२१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. अशा विभागात शिकाऊ मुलगी काय करते? संगणकावर भाग रेखाटते, त्याचा नमुना छापून घेते, तो हजारदा उघडझाप करून, उंचावरून पाडून, तापवून बघते. तो मोडतो. का मोडला याची टिपणं ठेवते. मग भाग दोन मिलीमीटरने जाड करावा, तर वजन आणि किंमत वाढते, म्हणून खर्चवाला विभाग कपाळाला आठ्या घालतो. कॉलेजात गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असतं. इथे ते पान छापलेलंच नसतं. उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाच्या गझलेवर इस्लाह करतो, एखादा शब्द खोडून दुसरा बसवतो, तसाच हा प्रकार आहे. फक्त इथे खोडणारा उस्ताद पुष्कळदा मोडलेला प्लॅस्टिकचा तुकडाच असतो.

जग्वार लँड रोव्हरनेही वॉरिकच्या साथीने अशी मुलं घडवली. ती कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. आणि टाटांनी पुण्यात टेल्कोचा कारखाना उभारताना साठच्या दशकात आधी प्रशिक्षण विभागच सुरू केला होता. ओळख जुनीच निघाली.

एक गोष्ट मात्र खटकते. ही योजना ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी म्हणून वाखाणली गेली. पण नामांकित कंपन्यांतल्या मोजक्या जागांसाठी झुंबड उडते आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांचं प्रमाण त्यात कमीच राहतं, अशी टीका इंग्लंडातच वारंवार झाली आहे. अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत काय बोलायचं हे शिकवणारं घर ज्याला असतं, तो पुढे सरकतो. वीस पौंड भरावे लागत नाहीत, पण त्यांच्या जागी दुसरं काही तरी भरावं लागतं.

आणि आपल्याकडे? आमच्या मोहल्ल्यांत गॅरेजांची रांग असते. तिथला पोरगा मालकाला 'उस्ताद'च म्हणतो. 'तेराचा पाना दे' म्हटल्यावर न बघता तेराच नंबरचा काढून देतो, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगलं झालं. पण ती वाट कॉलेजातून कारखान्याकडे जाते. हा पोरगा उलट्या टोकाला उभा आहे. त्याने कारखान्यातून कॉलेजकडे कसं यायचं? शिकाऊ उमेदवारांचा आपला कायदा १९६१ चा आहे. २०१९ मध्ये त्याच्या नियमांत बदल झाले : तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याची सक्ती आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ऐच्छिक मुभा. उस्ताद, त्याचा भाऊ आणि हा पोरगा, अशा तीन माणसांचं गॅरेज त्या मोजणीत येतच नाही.