बॅरो-व्हीएनएव्ही: हवेच्या दाबावरून विमान कसे उतरते?

शाहूवाडी तालुक्यातला आंबा घाट उतरून कोकणात जाताना हवेचा दाब वाढतो. विमानही दाबावरूनच उंची ओळखते. ‘बॅरो-व्हीएनएव्ही’ पद्धतीत फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम या उंचीच्या आधारे धावपट्टीपर्यंत साधारण ३ अंशांचा उतार आखते. त्यासाठी जमिनीवरून आयएलएसचा संकेत लागत नाही.

मात्र दाब हवामानानुसारही बदलतो. म्हणून वैमानिक नियंत्रण कक्षाने कळवलेला दाब यंत्रात भरतात. त्यात १ हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत सुमारे साडेआठ मीटरांचा फरक पडतो.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसमध्ये एका विमानाला १००१ ऐवजी १०११ दाब सांगितला गेला. पडद्यावर उतार बरोबर दिसत होता. प्रत्यक्षात विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून जेमतेम २ मीटरांवर आले. धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी ते पुन्हा वर नेले आणि अपघात टळला.