धूर निघणारी बंदूक

मराठी बातम्यांत रोज कुणीतरी ‘गौप्यस्फोट’ करतं. त्या शब्दात आवाज आहे, पुरावा असेलच असं नाही. इंग्रजीतला ‘स्मोकिंग गन’ हा वाक्प्रचार मात्र धुराबद्दल आहे. गोळी नुकतीच सुटलीय, नळीतून धूर येतोय आणि बंदूक हातात घेऊन माणूस समोर उभा आहे. मग नाकारायला जागा उरत नाही. सर्व्हर का पडला हे शोधताना लॉगमधली नेमकी ओळ सापडली, की आम्ही इंजिनियरही हाच शब्द वापरतो.

हे चित्र आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द ग्लोरिया स्कॉट’ या १८९३ सालच्या शेरलॉक होम्स कथेत आहे. कैद्यांच्या जहाजावर बंड होतं. कप्तान मरून पडलाय आणि शेजारी धूर निघणारं पिस्तूल घेऊन धर्मगुरू उभा आहे.

पण हा शब्द सर्वतोमुखी झाला वॉटरगेटमुळे. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसं पकडली गेली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना काय माहीत होतं, यावर दोन वर्षं वाद चालला. १९७३ मध्ये कळलं, की ते आपल्या ऑफिसातलं बोलणं टेप करत होते. सुप्रीम कोर्टाने त्या टेप द्यायला लावल्या. ५ ऑगस्ट १९७४ ला २३ जून १९७२ चं संभाषण बाहेर आलं. एफबीआयचा तपास सीआयएकरवी थांबवण्याच्या बेताला निक्सन यांनी स्वतः होकार दिला होता. संसदीय समितीत महाभियोगाच्या विरोधात ठाम राहिलेले त्यांच्या पक्षाचे दहाही सदस्य फिरले. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

पुढे हाच शब्द उलटा वापरला गेला. ८ सप्टेंबर २००२ रोजी, इराकबद्दल बोलताना, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस टीव्हीवर म्हणाल्या, की स्मोकिंग गन अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात दिसायला नको. म्हणजे पुराव्याची वाट पाहणं हाच धोका! जानेवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तपासप्रमुख हान्स ब्लिक्स यांनी स्मोकिंग गन सापडली नसल्याचं सांगितलं. तरी मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. नंतर अमेरिकेच्याच पथकाने इराक पिंजून काढला. महासंहारक अस्त्रांचे साठे मिळाले नाहीत.

१९७४ मध्ये लोक धूर दिसेपर्यंत थांबले आणि एका राष्ट्राध्यक्षाला जावं लागलं. २००३ मध्ये कुणी थांबलं नाही, आणि त्याची किंमत इराकी माणसांनी मोजली. फोनवर पुढचा ‘गौप्यस्फोट’ झळकेल तेव्हा शेअर करण्याआधी एवढंच बघा: टेप आहे, कागद आहे, की नुसताच आवाज?